तीन ओळींची रफूवाली

घराबाहेर पडताना आत्या दार ओढून घ्यायची, कडी घालायची, कुलूप लावायची आणि मग चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून खाली वाकायची. वाकल्यावाकल्या दार आणि चौकटीच्या मधल्या फटीत पांढऱ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकवायची. गुडघ्याच्या उंचीवर, दार उघडायच्या बाजूला. परत आली की आधी दोरा बघायची, मग किल्ली काढायची. दोरा जागेवर असला की एक लहानसा श्वास सोडायची. शेजारी उभ्या माणसालाही ऐकू जाऊ नये इतका लहान. मला ऐकू जायचा, कारण मीही माझा श्वास तिच्यासाठी धरून ठेवलेला असायचा.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शाळा तिच्या खोलीपासून जवळ होती म्हणून बाबांनी मला तिच्याकडे ठेवलं होतं. ती बाबांची थोरली बहीण.

आत्या रफूगार होती. फाटलेलं कापड असं सांधायची, की कुठे फाटलं होतं हे घालणाऱ्यालाही सापडू नये. बाहेरचा दोरा ती वापरायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायची आणि त्याच धाग्यानं भोक विणून टाकायची. "परका दोरा रंगाला कितीही मिळता असला तरी पहिल्या धुण्यात चुगली करतो," म्हणायची.

तिची खोली तीन ओळींच्या तोंडाशी होती. मोठ्या धुलाई कारखान्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या तीन लांब ओळी. पहिलीत गटारं उपसणारे राहत. दुसरीत कारखान्यात कपडे धुणारे आणि इस्त्री करणारे. त्यांच्यातले बरेचजण बहिरे होते, कारण यंत्रांचा तो आवाज दिवसभर सोसायला कारखान्याला तशीच माणसं बरी वाटत. तिसऱ्या ओळीत पलीकडचे, म्हणजे नदीपलीकडून आलेले, ज्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता. गावाच्या लेखी तिन्ही ओळी सारख्याच. पण ओळींच्या आत फार बारीक हिशेब चालत. धुलाईवाले गटारवाल्यांच्या हातातून वस्तू घेत नसत; जमिनीवर ठेवायला लावत आणि मग उचलत. गटारवाले म्हणत, पलीकडच्यांनी आमच्या पोटावर पाय दिला. पलीकडचे कुणालाच काही म्हणत नसत, पण आपल्या पोरांना दोन्ही ओळींच्या नळावर पाठवत नसत.

आत्याकडे तिन्ही ओळींचे कपडे रफूला येत. भिंतीवर तीन खिळे, तीन गाठोडी. आणि खिडकीजवळ सुया खोचायच्या तीन छोट्या गाद्या. काळी, पांढरी, हिरवी, ओळींच्या क्रमानं. एका ओळीची सुई दुसऱ्या ओळीच्या कपड्याला लावायची नाही, हा नियम ती इथे राहायला आली त्याच दिवशी तिला सांगण्यात आला होता. ती मान डोलावून हो म्हणाली होती.

दोरा अडकवायची सवय तिला मुकादम परत आला त्या महिन्यात लागली.

मुकादम गटारवाल्यांचा म्होरक्या. रुंद खांद्यांचा, एके काळी मोठ्यानं हसणारा. मी तिथे राहायला जायच्या आधी एकदा या ओळी उठवायची नोटीस निघाली होती, तेव्हा गटारवाल्यांनी एकट्यांनीच हरकतीचा अर्ज दिला. अर्जावर पहिलं नाव मुकादमचं होतं. पाचव्या दिवशी दोन माणसं आली, "जरा बोलायचंय" म्हणाली, आणि तो त्यांच्याबरोबर गेला. नेल्यापासून नवव्या दिवशी परत आला. कुठे होता, कुणी नेलं, काय झालं, यातलं अक्षर त्यानं तोंडातून काढलं नाही. बायकोलासुद्धा नाही. फक्त अंगातला कोट आत्याकडे रफूला पाठवला. कोट कुठे कुठे फाटलाय हे आत्यानं पाहिलं. पाठीवर एका रांगेत सात ठिकाणी. ते तिनंही कुणाला सांगितलं नाही. मला नंतर एवढंच कळलं की ते काम तिनं दाराकडे तोंड करून केलं. त्याआधी ती नेहमी खिडकीकडे तोंड करून बसायची, उजेडासाठी.

ती नोटीस तेव्हा आपोआप मागे पडली. दोन वर्षांनी दुसरी आली, आणि या वेळी भिंतींवर चिकटवली गेली. तीस दिवसांत हरकत नोंदवा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. आत्याच्या दारावर मात्र नोटीस नव्हती. तिचा नवरा पंपघरात फिटर होता. तो गेल्यावरही खोलीचं पत्र तिच्या नावावर पक्कं होतं. तिला कुणी उठवणार नव्हतं.

वकीलबाई आल्या त्या काळ्या कोटाची बाही उसवली म्हणून. कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला द्यायचं एक टेबल होतं, तिथे त्या बसत. तरुण होत्या, झटझट बोलायच्या, पण बोलताना दर दोन वाक्यांनी दाराकडे बघायच्या. त्याही.

"तीन ओळींनी तीन अर्ज दिले तर तीन दिवसांत तिन्ही फेटाळतील," त्या म्हणाल्या. "एकाला सांगतील तुम्ही थोडेच आहात, दुसऱ्याला सांगतील तुमचं दुसरीकडे बघतो, तिसऱ्याला सांगतील तुम्ही मुळात आहातच कोण. एकच अर्ज हवा. तिन्ही ओळींचा."

"मग करा की गोळा सगळ्यांना."

"माझ्या टेबलाशी कोण येणार? तुमच्याकडे येतात."

आत्यानं सुईत दोरा ओवला, पुन्हा काढला. "माझ्याकडे कपडे येतात, बाई. माणसं एकमेकांशेजारी बसतील का, हे मला विचारू नका."

पण त्याच संध्याकाळी, कपडे द्यायला आलेल्या प्रत्येकाला तिनं रविवारी दुपारी यायला सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेलेला, की दोघातिघांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

रविवारी तिघं आली. मुकादम आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. इस्त्रीवाला, ज्याला सगळे खुणामास्तर म्हणत कारण ओळीतल्या बहिऱ्या पोरांना तोच खुणांची भाषा शिकवायचा, खिडकीशी भिंतीला टेकून उभा राहिला. मुकादमपासून जितकं लांब राहता येईल तितका. आणि पलीकडच्यांची सुईण पेटीवर मांडी ठोकून बसली. बाळंतपणाला ओळी आड येत नसत. सुईण तिन्ही ओळींत जायची. ती गेल्यावर लोक घर धुऊन काढायचे, एवढंच. अशा जाण्यायेण्यातच ती बहिऱ्यांच्या खुणा शिकली होती. त्यामुळे खुणामास्तर हातांनी जे बोलायचा, ते ती तोंडानं सांगायची, आणि मध्ये स्वतःची भर घालायची.

पहिला अर्धा तास नुसती उणीदुणी.

"गेल्या वेळी आम्ही अर्ज दिला तेव्हा हे होते कुठे?" मुकादम उंबऱ्यावरून म्हणाला. "कोटाला इस्त्री मारत होते."

सुईणीनं ते खुणेनं सांगितलं. खुणामास्तरचे हात भराभर हलले.

"तो म्हणतो, आम्हाला विचारलं होतंत का? आणि म्हणतो, तुमच्या अर्जात आमच्या नळाचं पाणी मागितलं होतंत. हे खरं आहे हं मुकादम, मीही ऐकलंय."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस, सुईणबाई?"

"मी बाजूला बसलेय. आम्हाला कुठली बाजू? आम्ही तर मोजदादीतच नाही."

 आत्याच्या हातातलं काम चालूच होतं. अशा वेळी ती सुई खाली ठेवत नसे. सुईण बोलता बोलता इकडे तिकडे बघत होती आणि तिची नजर खिडकीतल्या तीन गाद्यांवर गेली. बाळाच्या नाळेपासून बाईच्या नखापर्यंत सगळं बारकाईनं बघायची तिची सवय. ती उठली, पांढरी गादी उचलून नाकाजवळ नेली, मग काळी.

"अगं रफूवाली," ती म्हणाली, "ह्या दोन्ही सुयांना गंज चढलाय की."

तिनं काळ्या गादीतली सुई चिमटीत धरून ओढली. 

"काळीतली सुई तर गादीतून निघेना. रुतून बसलीय. किती वर्षं झाली हिला हात लावून?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता हे तिघं उठून जाणार, उद्यापासून कुणी कपडे आणणार नाही, आणि गोष्ट एवढ्यावरच थांबली तर नशीब.

"अकरा," आत्या म्हणाली. "अकरा वर्षं. हिरव्या गादीतली सुई हाताला बसली. बाकीच्या दोन्ही जाड निघाल्या होत्या, कापड फाडायच्या."

"म्हणजे," मुकादम हळूच म्हणाला, "माझ्या कोटात जी गेली, तीच ह्यांच्या शर्टात?"

"तीच."

"आणि ती होती पलीकडच्यांची?"

"तीच," आत्या म्हणाली, आणि रडायलाच आली.

सुईणीनं हे सगळं खुणामास्तरला सांगितलं. सांगताना तिचे हात नको इतके मोठे हलत होते. खुणामास्तरनं आपल्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं. रफू कुठे आहे ते बोटानं चाचपलं, त्याला सापडेना. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. बहिरा माणूस हसतो तेव्हा तो आवाज आपल्याला आधी हुंदक्यासारखा वाटतो, म्हणून मला कळायला वेळ लागला. मुकादमला आधी कळलं. तोही हसला. परत आल्यापासून त्याला हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

"काही झालं का रे अकरा वर्षांत तुला?" सुईणीनं खुणेनं विचारलं, आणि मोठ्यानं आम्हालाही सांगितलं. खुणामास्तरनं उत्तर दिलं. "तो म्हणतो, टक्कल पडलं."

अर्ज करायचा हे त्या दुपारी ठरलं. पण पहिलं नाव कुणाचं, इथे सगळं अडलं. नावं द्यायला तिन्ही ओळी तयार झाल्या, खाली कुठेतरी, मधे कुठेतरी. पहिलं कुणीच नको. बोलताना कुणी मुकादमकडे बघत नव्हतं, आणि तोही उंबऱ्याकडेच बघत बसला होता.

आत्यानं वकीलबाईंनी दिलेला मोठा कागद घेतला. चार पदरी दुमडला, कोपऱ्याला टेप धरली, आणि घेराच्या झग्याचं कापड कापतात तशी पाव कमान कापली. उलगडला तर कागद गोल. "आता सह्या कडेकडेनं, चाकाच्या आऱ्यांसारख्या," ती म्हणाली. "फिरवाल तसं पहिलं नाव बदलेल."

आठवड्याभरात एकशे अडुसष्ट नावं झाली, निम्म्याहून जास्त अंगठे. आत्यानंही आपली सही केली, सुईण आणि खुणामास्तर यांच्या मधे. कागद ठेवायचा कुठे? तिनं मुकादमचा तोच कोट मागून घेतला, कागद त्याच्या अस्तरात घालून शिवून टाकला आणि कोट गटारवाल्यांच्या गाठोड्यात ठेवला.

त्याच आठवड्यात तो माणूस आला. हातात मिटलेली छत्री, ऊन असूनही. दोन दिवस समोरच्या भिंतीशी नुसता उभा होता. तिसऱ्या दिवशी निळा सदरा घेऊन दारात.

"बटण तुटलंय," तो म्हणाला. आवाज चांगला होता, शिकलेल्या माणसाचा. खोलीत सगळीकडे बघून घेतलं. माझ्याकडे बघून विचारलं, "कितवीत आहेस?" मी सांगितलं. "शाळा कधी सुटते?" तेही सांगितलं. मग मला कळलं, की सांगायला नको होतं.

तो गेल्यावर आत्यानं सदरा उजेडात धरला. नवा कोरा. बटणाच्या जागी दोऱ्याची टोकं एका रेषेत, स्वच्छ.

"तुटलं नाही हे," ती म्हणाली. "पात्यानं कापलंय."

"मग लावून देऊन टाक ना."

"लावलं की त्याचं यायचं कारण संपेल. मग तो कारणाशिवाय येईल."

म्हणून तिनं बटण लावलं नाही. तो रोज यायचा. ती रोज म्हणायची, तसलं बटण मिळत नाही, उद्या या. तो रोज हसून म्हणायचा, काही घाई नाही. तो गेला की ती पाणी प्यायची, आणि पेल्याचा दातांवर आवाज व्हायचा. मी शाळेतून येताना तीन वेगळ्या वाटा धरायला लागले, आणि तिन्ही वाटांवर मला छत्र्या दिसायच्या. बऱ्याचशा कुणाच्याही असायच्या.

चोविसाव्या दिवशी आम्ही बाजारातून आलो तेव्हा दोरा पायरीवर पडलेला होता.

कुलूप जसंच्या तसं. आत्यानं मला मागे ढकललं आणि किल्ली लावली. खोलीत कुणी नव्हतं. काही गेलंही नव्हतं. पण धुलाईवाल्यांच्या गाठोड्याची गाठ उलटी बसली होती, आणि पलीकडच्यांच्या गाठोड्यातले कपडे घडीवर घडी नीट लावलेले होते. इतके नीट आत्या कधीच ठेवत नसे. पेटी उघडून बंद केलेली. माझ्या वह्या चाळलेल्या. गटारवाल्यांचं गाठोडं मात्र खिळ्यावर जसं होतं तसंच होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

मुकादमला सांगितलं तेव्हा तो उंबऱ्याशी टेकला. मग म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा आमचा वास कामाला आला."

दुसऱ्याच दिवशी वकीलबाई आणि आत्या अर्ज घेऊन नगर कचेरीत गेल्या. टेबलामागच्या साहेबानं कागद एकदा फिरवला, दोनदा फिरवला.

"हे काय आहे? ताट?"

"हरकतीचा अर्ज, साहेब."

"अर्जाला क्रमांक एक लागतो. सुनावणीला पुकारा कुणाच्या नावाचा करायचा? गोल अर्ज कुठल्या फायलीत लावू मी?" आणि परत दिला. "यादी करून आणा. पाच दिवस आहेत."

त्या संध्याकाळी बाबा आले. बाबा त्याच नगर कचेरीत शिपाई होते. सुनावणीच्या दालनाबाहेर उभं राहून नावं पुकारायचं काम. आत्याहून चार वर्षांनी धाकटे, अजूनही तिच्यासमोर खुर्चीवर नीट न बसणारे. त्या दिवशी बसलेच नाहीत.

"ताई, मला आज वर बोलावलं होतं. साहेब काही वाईट बोलले नाहीत. चहा दिला. म्हणाले, तुमची बहीण हुशार आहे, तिला जपा."

"मग?"

"मग काय मग! अठरा वर्षांत मला चहा दिलाय का कुणी तिथे?" बाबांचा आवाज चिरकला. "तुझं पत्र पक्कं आहे. तुला कुणी हात लावत नाही. तुला काय पडलंय?"

"ह्या तिन्ही ओळी गेल्या तर मी शिवू कुणाचं?"

"मी शोधून देतो काम. आमच्याकडे येऊन राहा. ह्या पोरीकडे तरी बघ."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि मग जे म्हणाली ते मला नव्हतं. "तू हिला उद्या घेऊन जा. सुनावणी झाली की आणून सोड."

मी गेले नाही. रडले, हट्ट केला, आणि बाबा एकटेच परतले. जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, निदान पहिलं नाव तुझं नको."

त्या रात्री ती झोपली नसावी. सकाळी यादीसाठी आखलेला कागद पेटीवर होता आणि क्रमांक एकच्या पुढे तिचं नाव. तिचं, आजोबांचं, आडनाव; लग्नानंतरही तिनं माहेरचंच नाव ठेवलं होतं. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. पहिलं अक्षर दोनदा गिरवलेलं होतं. मी बघतेय हे पाहून ती म्हणाली, "मला फार भीती वाटते ग. पण मुकादमच्या कोटाला आता रफू करायला जागा उरली नाही."

बाकीची यादी गोल कागदावरूनच उतरवली, तिच्या सहीपासून उजव्या हाताला फिरत. म्हणून क्रमांक दोन खुणामास्तर, आणि सगळ्यात शेवटी सुईण. सुईण म्हणाली, "आम्ही शेवटी, हे चांगलं आहे. सवयीचं आहे." अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला. सुनावणी आठवड्यानं. वकीलबाईंनी आत्याला आणि त्या तिघांना समोर बसवून नियम सांगितला: पहिल्या नावाचा पुकारा तीनदा होतो. कुणी उभं राहिलं नाही तर दुसऱ्या नावाचा तीनदा. तिथेही कुणी नाही, तर अर्ज निकाली. "अर्जदारच नसेल तर मी कुणाच्या वतीनं बोलू?" त्या म्हणाल्या.

सुनावणीच्या सकाळी आत्या साडेसातला निघाली. वकीलबाईंचा पुन्हा उसवलेला काळा कोट रात्री उशिरा पुरा झाला होता, तो त्यांच्या घरी पोचवून तिथूनच ती कचेरीत जाणार होती. मी आणि सुईण मागाहून निघणार होतो. मी घरात होते म्हणून तिनं फटीत दोरा अडकवला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दालनाबाहेरचे बाक भरले होते. तीन ओळी तीन बाकांवर, मधे अंतर ठेवून. खुणामास्तर पुढच्या बाकाच्या टोकाला, मुकादम त्याच्या बरोबर मागे. वकीलबाई जिन्यावरून धावत आल्या. त्यांच्या अंगावर कोट नव्हता.

"ताई कुठे आहेत?" त्यांनी मला विचारलं. "मी नऊपर्यंत वाट बघितली."

सुईणीनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

बाबा दालनाच्या दारात आले, हातात यादी. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली, माझ्याशी येऊन थांबली, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. मग त्यांनी तिचं नाव पुकारलं. पूर्ण नाव. त्यातलं मधलं नाव आणि आडनाव त्यांच्याही छातीवरच्या बिल्ल्यावर होतं.

कुणी उठलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, जिन्याकडे तोंड करून. मग थांबले. नियमापेक्षा जास्त थांबले. आतून साहेबांचा आवाज आला, "पुढे." तिसऱ्यांदा नाव घेताना बाबांचा आवाज खाली गेला, घरात हाक मारावी तसा.

मग दुसरं नाव. खुणामास्तर तसाच बसून होता. इतकी माणसं मधे उभी होती की त्याला बाबांचे ओठ दिसत नव्हते. बाबांनी पुन्हा पुकारलं. सुईण माझ्या बाजूनं उठली, हात उंच करून खुणा करू लागली, पण तो तिच्या बाजूला बघतच नव्हता. आपलं नाव इतक्या लवकर येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. तो जिन्याकडे डोळे लावून आत्याची वाट बघत होता. बाबांनी तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं.

मुकादमनं हात पुढे केला. तो हात हवेत क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग त्यानं तो खुणामास्तरच्या खांद्यावर ठेवला आणि दाबला.

खुणामास्तर दचकून वळला. खांद्यावरचा हात बघितला, हाताचा धनी बघितला, आणि उठून उभा राहिला. उभा राहताना त्यानं तो हात झटकला नाही. तसाच घेऊन उठला, त्यामुळे मुकादमलाही उठावं लागलं. दोघं तसेच दारापर्यंत गेले. सुईण खुणा सांगायला त्यांच्या मागोमाग. वकीलबाई बिनकोटाच्या आत शिरल्या, त्यावरून साहेब रागावले ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.

ओळी उठवायला मनाई मिळाली. आधी सहा महिन्यांची, मग पुढची. ओळी अजून तिथेच आहेत.

आत्या परत आली नाही. त्या दुपारी नाही, नवव्या दिवशी नाही. नववा दिवस आम्ही सगळ्यांनी धरून ठेवला होता. तिन्ही ओळींतली माणसं सकाळपासून तिच्या पायरीवर बसून होती, कोण कुणाशेजारी हे न बघता. चौकीत तक्रार लिहून घेतली. तिथला माणूस म्हणाला, बाई सज्ञान आहे, गेली असेल कुठे. बाबांनी त्यानंतर दोन वर्षांनी नोकरी सोडली. तोवर रोज पुकारा करत होते. त्यांना विचारलं नाही, पण मला वाटतं प्रत्येक पहिल्या नावाला ते जिन्याकडे बघत असणार.

निळा सदरा न्यायला कुणी आलं नाही. तो माणूस पुन्हा दिसलाही नाही. सदरा माझ्या कपाटात आहे. त्याचं कापड अजून नवं दिसतं, आणि कापलेल्या दोऱ्याची टोकं तशीच एका रेषेत आहेत.

सुनावणीच्या त्या सकाळी आत्या दारात उभी होती, हातावर वकीलबाईंच्या कोटाची घडी. चपला घालून झाल्या होत्या. जाता जाता वळली आणि खिडकीत टांगलेल्या निळ्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सदऱ्याला कुणी आलं तर म्हणावं, उद्या या. बटण राहिलंय."